भरलेली अक्षरं

बाबांना नीट दिसावं म्हणून ताईने मोबाइलचा उजेड होता तेवढा सगळा वाढवला आणि दवाखान्यातल्या पलंगाच्या लोखंडी काठावर टेकली. वर्षभर तिने ही गोष्ट पोटात ठेवली होती, आणि पोटात ठेवायची तिला अजिबात सवय नव्हती.

"हा आधीचा फोटो," ती म्हणाली. "आणि हा परवाचा. आता बघा फरक."

फोटो तोराच्या गुंडाळीचे होते. तोरा म्हणजे यहुद्यांचा धर्मग्रंथ. कातड्याच्या लांबलचक पट्टीवर हाताने लिहिलेला, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला. ही गुंडाळी बाबांच्या प्रार्थनाघरातली. पोटापाण्यासाठी बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेला वेळ त्या प्रार्थनाघरात घालवायचे. दिवे, कुलपं, गळकं छप्पर, सगळं तेच बघायचे. मग माणसं एकेक करत कमी झाली. काही देश सोडून गेली, काही मातीत गेली. तोरा चारचौघांत वाचायची तर दहा जण लागतात, आणि एक दिवस असा आला की दहा होईनात. शेवटी जागा विकली. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. गुंडाळी तेवढी ताईने विद्यापीठात नेली, कारण ती तिथल्या यहुदी अभ्यास केंद्रात कामाला होती.

तेव्हा गुंडाळीची दशा बघवत नव्हती. शाईला पोपडे आलेले. उघडली की अक्षरं राखेसारखी मांडीवर पडायची. एक अक्षर गेलं तरी गुंडाळी बाद होते, ती वाचायला चालत नाही. हिच्या तर ओळीच्या ओळी बोडक्या झाल्या होत्या. दोन लेखनिकांनी बघून हात वर केले होते.

आणि आता फोटोत एकेक अक्षर काळंभोर, ताठ उभं होतं.

"सगळी?" बाबांनी विचारलं.

"सगळी."

"शेवटपर्यंत?"

"एकही राहिलं नाही, बाबा. एकदम वाचायला चालेल अशी झालीये."

बाबांनी फोटो पुन्हा एकदा बघितला. मापात न बसलेला सदरा दुकानदाराला परत द्यावा तसा त्यांनी मोबाइल तिच्या हातात ठेवला. "काम छान झालंय," म्हणाले आणि कूस बदलली.

खिडकीपाशी धाकटा उभा होता, ताईचा भाऊ. नळजोडणीची कामं करणारा माणूस, हाताला कायम लोखंडाचा वास. त्याचा जबडा हलला, हे ताईने बघितलं.

"म्हणजे मी एकट्यानेच जायचं," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ताईला आधी कळलंच नाही. मग धाकट्याने तिच्या दंडाला धरलं आणि बाहेर व्हरांड्यात आणलं. तिथे बाकावर आत्या बसली होती, बाबांची बहीण, काठी दोन गुडघ्यांच्या मधे धरून.

"तुला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" धाकटा म्हणाला.

"म्हणजे काय? पडून राहिली असती तशीच?"

"हो. तशीच राहू द्यायची होती. बाबांबरोबर पुरायची होती ती."

रीत तिला माहीत होती. न माहीत असायला काय झालं, तीच तर लोकांना सांगत फिरायची. जी गुंडाळी पार संपली, जिचं काहीच होण्यासारखं नाही, ती टाकत नाहीत, जाळत नाहीत. मातीच्या भांड्यात ठेवून एखाद्या भल्या माणसाच्या शेजारी पुरतात. माणसाला जशी कबर, तशी तिलाही.

"मला बोलले नाहीत कधी," ती म्हणाली.

"तू विचारलंस कधी? तू यायचीस, फळं ठेवायचीस, घड्याळ बघायचीस. मला रोज म्हणायचे, ती आणि मी एकदमच निघू. मी भांडं पण आणून ठेवलंय. कुंभाराला माप देऊन करून घेतलंय."

"मग मला फोन करायला हात झडले होते तुझे?"

"तू तिला काचेत ठेवणार म्हणालीस. काचेत ठेव, मी काय म्हणणार? काचेतून काढता येतं. ही अक्षरं आता कशी काढणार?"

"तुम्हाला भांडायचं असेल तर खाली गाडीतळावर जा," आत्या म्हणाली. "इथे लोकांना मरायला जरा शांतता लागते."

खरं सांगायचं तर केंद्राला गुंडाळी दुरुस्त करायचीच नव्हती. केंद्रात जुन्या वस्तूला हात लावणं म्हणजे पाप. जशी आली तशी ठेवायची, धूळ काढायची, खोलीची हवा कोरडी ठेवायची, बस. गळलेलं अक्षर गळलेलंच राहू द्यायचं, कारण ते गळणंही म्हणे इतिहास. भांडली ती ताईच. सभेत टेबलावर हात आपटून म्हणाली होती की हा माझ्या बापाचा ग्रंथ आहे, तुमचा मडक्याचा तुकडा नाही. तिनेच दूरच्या शहरातून तो म्हातारा लेखनिक शोधून आणला. त्याला केंद्रातली पोरं पिसवाला म्हणायची, कारण तो पिसाचा टाक करून लिहायचा. त्याच्याशेजारी बसून ती वर्षभर चिमटे आणि ब्रश पुढे करत राहिली. एकेक पोपडा खरवडायचा, एकेक अक्षर भरायचं. प्रत्येक अक्षर भरलं की तिला बाबांचं तोंड दिसायचं, हसणारं.

बाबा दोन दिवसांनी सकाळी गेले. धाकट्याने फोनवर एवढंच सांगितलं, "झालं." आणि ठेवला. त्या दोन दिवसांत बाबा ताईशी हवापाण्याचं बोलले, जेवलीस का विचारलं. गुंडाळीचा विषय त्यांनी परत काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. बापाने शिवी दिली तर पोरीला निदान रडता येतं.

यहुद्यांत प्रेत फार वेळ ठेवत नाहीत. दफन दुसऱ्या दिवशी ठरलं. गावात धर्मगुरू उरला नव्हता, तो शेजारच्या शहरातून यायचा होता. ताईने त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आवाजावरून तो तरुण वाटत होता, मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"वाचायला चालते का आता?" त्याने विचारलं.

"चालते."

"मग नाही पुरता येणार. जिवंत माणसाला पुरतो का आपण?"

"त्यांची शेवटची इच्छा होती."

"मला समजतंय हो. पण उद्या माझ्या आजीने म्हटलं, माझ्याबरोबर नातवाला पुरा, तर?" तो जरा थांबला. "तुम्ही घेऊन तर या. मी उघडून बघतो. कुठे राहिली असेल अजून खराब, तर बोलू."

त्या शेवटच्या वाक्याला ताई धरून बसली.

मग ती संचालकांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, आणि पाठ वळली की फीतकापे. विद्यापीठात कुठेही काही उघडायचं असलं की हे कात्री घेऊन हजर. माणूस वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं, रागावता येत नव्हतं. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"पण पुढच्या आठवड्यात प्रदर्शन उघडतंय," ते म्हणाले. "मधल्या काचेत तीच आहे. भिंतीवरचा मजकूरसुद्धा छापून आलाय. आणि आपण ती खड्ड्यात..." मग त्यांना कुणाचा खड्डा ते आठवलं. "माफ करा. मी असं सुचवू का, हुबेहूब प्रत काढू. उत्तम कागदावर. वडिलांबरोबर ती ठेवू."

"कागद?" ताई म्हणाली.

"अगदी ओळखू येत नाही हल्ली."

"त्यांना ओळखू येईल, सर."

सर टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "एक करता येईल. अखेरचं दर्शन म्हणून ती तिथे नेऊ. आपली विद्यार्थ्यांची बस आणू. केंद्राबाहेरच्या उपक्रमात हे फार चांगलं बसतं. गावाने सांभाळलेला ग्रंथ, सांभाळणारा माणूस. आपल्या छायाचित्रकाराला सांगतो. काय?"

ताई हो म्हणाली. तिला गुंडाळी केंद्राच्या दाराबाहेर काढायची होती. नाचत न्यायला सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी कामाच्या खोलीत गेली. लांब टेबल, त्यावर स्पंजच्या उशा, त्यावर गुंडाळी. खोलीत हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची घरघर. भिंतीला टेकून तिची शाळेत न्यायची नकली गुंडाळी उभी होती, प्लास्टिकच्या दांड्यांची, पोरांनी ओढून ओढून भोकं पाडलेली. महिन्यातून निम्मे दिवस ती त्या नकली गुंडाळीला काखेत मारून शाळाशाळांतून, वाचनालयांतून फिरायची. पोरं जांभया द्यायची. तेवढ्यात ती बोट वर करून म्हणायची, "यातलं एक अक्षर, फक्त एक, गेलं ना, की सगळी गुंडाळी बाद." मग पोरं जागी व्हायची. हे वाक्य कधी फुकट गेलं नव्हतं. एखादं कार्टं हमखास विचारायचं, मग मी एक खोडू का? आणि सगळा वर्ग हसायचा.

आज ते वाक्य तिच्याच डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. फक्त एक.

तिने गुंडाळी उघडली. देवाचं नाव जिथे जिथे होतं तिथून नजर बाजूला घेतली. तेवढी अक्कल शिल्लक होती. एक साधं अक्षर निवडलं, एका साध्या शब्दातलं, कुणीतरी कुठेतरी गेला असं सांगणारा शब्द. पिसवाल्याची सुरी खणात होती. तिचं पातं कसं आडवं धरायचं, कातड्याला भोक न पाडता शाई कशी उचलायची, हे ती वर्षभर बघत आली होती. भरायच्या आधी खरवडावं लागतं. हात थरथरला नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटलं. शाईचा कपटा वर आला. तिने तो फुंकला.

खाली कातडं पांढरट आणि केसाळ दिसत होतं, खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

तिने गुंडाळी बंद केली, कापडात घातली आणि लहान मूल घेतात तशी छातीशी धरून खाली केंद्राच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

दफनभूमी गावाच्या कडेला होती, एका बाजूला टायरची गोदामं. फाटकाशी पत्र्याची एक खोली, आत टेबल आणि नळ. ताई पोचली तेव्हा केंद्राची बस आधीच येऊन उभी होती. पोरंपोरी उतरून घोळक्याने थांबली होती, कपडे शहाण्यासारखे घालून, चेहरे कसे ठेवावे ते न कळून. छायाचित्रकार भिंतीवर चढून उजेड बघत होता.

धाकटा फाटकाशी उभा होता. सदऱ्याची कॉलर फाडलेली, यहुद्यांत बाप गेला की फाडतात तशी. पायाशी मातीचं भांडं, उंच, झाकणासकट.

"एवढी माणसं आणलीस," तो म्हणाला. "आणि त्यातले आपले किती?"

उत्तर त्यालाही माहीत होतं. बापाच्या कबरीवर मुलाने म्हणायची जी प्रार्थना असते, तिलाही दहा जण यहुदीच लागतात. बसभर माणसं होती, यहुद्यांचा इतिहास पाठ असलेली, भाषा शिकलेली, आणि दहा होत नव्हते. धर्मगुरू धरून, शेजारच्या गोदामातला एक म्हातारा यहुदी हिशेबनीस धरूनसुद्धा होत नव्हते.

धर्मगुरू खरंच तरुण होता. दाढीला अजून जोर नव्हता. तो तिला पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. मागोमाग धाकटाही आत आला, भांडं उचलून. आत्या दारात थांबली. धर्मगुरूने टेबल स्वतः पुसलं, त्यावर चादर अंथरली, आणि गुंडाळी उघडायला लागला. हळूहळू, ओठ हलवत. मधेच थांबला.

"काय सुंदर लिहिलंय," तो म्हणाला.

ताईला वाटलं, इथेच खाली बसावं.

तो पुढे सरकला. पुढे. मग त्याचं बोट हवेत थांबलं. कातड्याला न लावता त्याने ती जागा दाखवली.

"हे राहिलंय," ताई म्हणाली. "एक अक्षर राहिलंय. म्हणजे बाद झाली ना?"

धर्मगुरूने वाकून बघितलं. वास घेतल्यासारखं बघितलं.

"हे राहिलेलं नाही," तो म्हणाला. "हे आज काढलंय."

नळ ठिबकत होता. धाकट्याची नजर त्या नळावर गेली, सवयीने, आणि परत ताईवर आली.

"हो," ताई म्हणाली.

धर्मगुरू चिडला नाही. चिडायचं त्याचं वयही नव्हतं, त्याच्यापुढे आईच्या वयाची बाई उभी होती. "बाद झाली हे खरं," तो म्हणाला. "आज कुणाला वाचता येणार नाही. पण बाद म्हणजे मेलेली नव्हे. आजारी. लेखनिक येईल आणि तुम्ही चहा पिऊन होईस्तोवर भरेल. जिचं काहीच होऊ शकत नाही तिलाच पुरायचं. हिचं होऊ शकतं. आता फक्त हिच्यावर एक जखम आहे."

ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. शाळेतल्या पोरांना सांगायचं वाक्य वेगळं आणि रीत वेगळी, हे तिला चांगलं माहीत होतं. सकाळी त्या खोलीत तेवढं नेमकं आठवलं नव्हतं, किंवा तिने आठवू दिलं नव्हतं.

"तेही धड जमलं नाही तुला," धाकटा म्हणाला. आवाज चढवला नाही. भांडं त्याने कोपऱ्यात ठेवलं, नळाखाली, आणि बाहेर गेला. ठिबकणारं पाणी झाकणावर पडायला लागलं.

बाबांची पेटी आली. साधी, फळ्यांची. सगळे फाटकातून आत निघाले. ताई गुंडाळी छातीशी धरून निघाली तसा धर्मगुरू तिच्या आडवा आला.

"ही आत नाही न्यायची."

"का?"

"आत जे झोपलेत त्यांना आता वाचता येत नाही. त्यांच्यासमोर हिला घेऊन जाणं म्हणजे त्यांना वाकुल्या दाखवणं. पुरायची असती तर गोष्ट वेगळी." मग खाली बघत म्हणाला, "आणि जमिनीवर ठेवू नका. एकटीही सोडू नका. कुणीतरी धरून बसायला हवं."

तो आत गेला. पेटी गेली. आत्या काठी टेकत गेली, जाता जाता म्हणाली, "मी थांबले असते गं, पण माझ्याच्याने काठी धरवत नाही, ही काय धरवणार." पोरंपोरी गेली. केंद्रातल्या मुलांना आत जायला काहीच आडकाठी नव्हती. ताई फाटकाबाहेर राहिली.

तिला आतलं दिसत नव्हतं, भिंत उंच होती. ऐकू येत होतं. धर्मगुरूचा आवाज, मग दोऱ्या घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत धाकट्याची प्रार्थना यायला हवी होती. आली नाही. मग पहिली माती पडली. फळ्यांवर माती पडते तो आवाज कुणी सांगावा लागत नाही.

ही रीत तिला येत होती. बापावर माती पोरांनी घालायची. ते शेवटचं काम, आणि त्याची परतफेड कुणी मागू शकत नाही म्हणून सगळ्यांत मोठं. आणि ती टायरच्या गोदामासमोर उभी होती, हात अडकवून.

"द्या माझ्याकडे."

मोठे सर होते. ते आत गेलेच नव्हते. त्यांनी पांढरे हातमोजे घातले होते, सुती, केंद्रातले. मागे व्हॅनचं दार उघडं होतं आणि आत स्पंजची पेटी तयार होती.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "मी आहे ना हिच्यापाशी."

ताईने त्यांच्या हातमोज्यांकडे बघितलं. दिली की ती परत काचेत जाणार. पिसवाला येईल, एक अक्षर भरेल, भिंतीवरच्या मजकुराखाली ती उभी राहील, उघडी, सगळी अक्षरं जागच्या जागी, आणि दहा जण कधीच होणार नाहीत. धर्मगुरूच्या शहरात दहा होतात. धर्मगुरूला थांबवून म्हणता आलं असतं की तू घेऊन जा. त्यासाठी तो बाहेर येईपर्यंत थांबावं लागलं असतं. तोवर खड्डा भरला असता.

आत माती पडत होती. आता फळ्यांवर नाही, मातीवर.

तिने गुंडाळी दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, फार सांभाळून. भिंतीवरून छायाचित्रकाराचा कॅमेरा वाजला.

ताई पळाली. कबरींच्या मधून, चपला चिखलात रुतवत. सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. धाकटा माती ओढत होता, घामाने निथळत. त्याने तिला बघितलं आणि थांबला. फावडं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, दुःख हातोहात देऊ नये म्हणून. मातीत रोवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. धाकट्याने ते रोवलं. त्याला ते बरंच झालं, तिच्याकडे बघावं लागलं नाही.

ताईने फावडं उपसलं. पहिल्यांदा उलट्या बाजूने घालायची, पातं पालथं करून, म्हणजे घाई नाही असं दिसतं. तिने पालथं केलं. त्यावर माती राहीना. मूठभर राहिली तेवढी तिने बाबांवर टाकली, आणि परत पालथंच केलं, परत मूठभर. आत्या म्हणाली, "आता सरळ धर गं, बास." तिने ऐकलं नाही. खड्डा अजून अर्धा होता. पोरंपोरी उभी होती, धर्मगुरू उभा होता, आणि कुणी तिच्या हातून फावडं घेऊ शकत नव्हतं, कारण तिने ते खाली रोवलंच नाही.